बाईंचा हात

बाईंना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नसे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको, की बाई इतक्या चांगल्या आणि मग असं कसं झालं. तशा त्या चांगल्याच होत्या. कुणी आजारी पडलं, कुणाकडे काही वाईट घडलं, की सगळ्यांच्या आधी बाई दारात हजर. उशाशी बसतील, भांडी घासतील, रडणाऱ्याबरोबर रडतील. दुःखात बाईंसारखं माणूस नाही. पण तुमच्याकडे सुख आलं रे आलं, की बाईंच्या पोटात दुखायला लागायचं. धाकट्या बहिणीने नवं घर घेतलं, तर सगळं घर फिरून बघितल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "स्वयंपाकघरात उजेड कमी आहे गं." शेजारणीची मुलगी वर्गात पहिली आली, तर म्हणाल्या, "हल्ली पेपर सोपेच काढतात म्हणे." स्वतःच्या मुलाला बढती मिळाली तेव्हासुद्धा आधी पोटात कळ येऊन गेली आणि मग आनंद झाला, असं त्यांचे यजमान सांगायचे. यजमान पोस्टातून निवृत्त झालेले. दिवसभर घरात बसून शब्दकोडी सोडवायचे आणि संध्याकाळी बायकोला चिडवायचे. बाई आदळआपट करत घरात शिरल्या, की त्यांचा पहिला प्रश्न, "आज कुणाचं बरं झालं?"

"तुमचं डोंबल," हे बाईंचं ठरलेलं उत्तर.

एका बाबतीत मात्र बाईंना जगात कुणावर जळायची गरज पडली नव्हती. ती बाब म्हणजे त्यांचा उजवा हात.

बाई एका लॅबमध्ये होत्या. मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, लांबलचक व्हरांड्याच्या पार टोकाला. खोकला-तापाची माणसं इस्पितळात आली, त्यातही जास्त करून लहान मुलं, की त्यांच्या नाकाघशात काडी फिरवून ती काडी इथे पाठवायची. त्या काडीवर कुठला विषाणू आहे हे शोधायचं, आणि ओळखीचाच असला तरी तो कुठल्या घराण्यातला, किती बदललाय, हेही बघायचं, असं या लॅबचं काम. लग्नाच्या आधी बाई तिथे लागल्या होत्या, आणि आता निवृत्ती दारात येऊन उभी होती.

लॅबमध्ये तीन खोल्या. एक फ्लास्कची, एक ट्रेची, एक मशीनची. फ्लास्कची खोली बाईंची. तिथे उबदार कपाटात काचेसारख्या चपट्या बाटल्यांमध्ये जिवंत पेशी वाढत असत आणि त्या पेशींवर बाई विषाणू पोसत असत. त्यातला एक विषाणू फार जुना होता. बाईंच्या पहिल्या साहेबांनी तो कधीकाळी एका आजारी मुलाच्या नाकातून मिळवला होता. ते मूल मोठं होऊन आता चाळिशीला आलं असेल, साहेब तर केव्हाच वारले, पण तो विषाणू बाईंच्या बाटल्यांमध्ये अजून ठणठणीत होता. ही बाटली भरली की त्यातलं थोडं पुढच्या बाटलीत, त्यातलं त्याच्या पुढच्या. बाई त्याला आजोबा म्हणत. रोज जी चाचणी करायची ती नीट चालते आहे का, हे तपासायला प्रत्येक वेळी आजोबांचा थेंब एका नळीत घालायचा. आजोबा सापडले म्हणजे चाचणी ठीक. बाई सुट्टीवर गेल्या तरी फोन करून विचारायच्या, "आजोबांना जेवण दिलं का?" त्यावर यजमान म्हणायचे, "माझी अशी चौकशी कधी झाली नाही."

जशी आजोबांची एक नळी, तशी ट्रेमध्ये अगदी शेवटी एक कोरी नळी. तिच्यात नुसतं शुद्ध पाणी. बाकीच्या नळ्यांचं जे जे करायचं, ते ते सगळं हिचंही करायचं, आणि शेवटी हिच्यात काही म्हणजे काही सापडता कामा नये. सापडलं, तर समजायचं की ट्रे भरताना कुठे तरी शिंतोडा उडाला. मग कुठल्याच नळीवर विश्वास नाही. अख्खा ट्रे फेकून द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या लॅबमध्ये येऊन ज्याची कोरी नळी एकदाही बिघडली नाही असं माणूस नव्हतं. खुद्द सरांची, म्हणजे आताच्या प्रमुखांची, शिकत असताना इतक्यांदा बिघडली होती, की बाईंनी त्यांना एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "तुम्ही आपले कागदावरचंच काम करा हो." सर ते अजून हसून सांगायचे. आणि बाईंची कोरी नळी? उभ्या नोकरीत कोरीच. नव्या मुली पहिला ट्रे भरायच्या आधी थट्टेने बाईंच्या हाताला हात लावून जायच्या. बाई वरवर "चला, कामं करा" म्हणायच्या, पण आतून अशा फुलायच्या, की विचारू नका.

मग ती आली. तिला येऊन तशी बरीच वर्षं झाली होती, पण बाईंच्या लेखी ती नवी ती नवीच. हुशार होती, मेहनती होती, आल्या दिवसापासून बाईंना "बाई, मला शिकवा" म्हणून मागे लागली. बाईंनी शिकवलं. मनगट कुठे टेकवायचं, श्वास कधी सोडायचा, थेंब मोजून घ्यायच्या पिपेटचं टोक नळीच्या भिंतीला कसं टेकवायचं, थेंब पाडायचा नाही, ठेवायचा कसा, सगळं. शिकवताना हातचं राखलं नाही, कारण तेव्हा त्यांना वाटलं नव्हतं, की ही पोरगी पुढे डोक्यावर बसेल. नवीमध्ये शोधूनही दोष सापडेना. उशिरा यावं, तर वेळेवर. उलट बोलावं, तर जिथे तिथे "बाईंमुळे, बाईंमुळे". माणसाने एखाद्याचा राग तरी कसा करावा! बाई मनाची समजूत घालायच्या, की डोकं असेल तिला, कॉम्प्युटर येत असेल, पण हात नाही. हात काय शिकवून येतो? तो असावा लागतो.

आणि मग नवीने तो शोध लावला.

त्याचं असं झालं होतं. इस्पितळातून गेले काही महिने अशा काड्या येत होत्या, की मूल तर तापाने फणफणलेलं, छाती भरलेली, आणि चाचणी म्हणतेय काही नाही. चाचणी म्हणजे काय, तर विषाणूच्या अंगावरची एक ठरावीक खूण धुंडाळायची. ती खूण सापडली तर विषाणू आहे, नाही तर नाही. नवीच्या डोक्यात आलं, की विषाणू आहे पण त्याने ती खूणच बदलली असेल तर? तिने अशा मुलांच्या जुन्या काड्या फ्रीझरमधून बाहेर काढल्या, खूण शोधायची ती दुसऱ्या जागी शोधली, जिथे हे विषाणू सहसा बदलत नाहीत, आणि बघते तर काय, नळ्यांमागून नळ्या बोलायला लागल्या. मशीनवर त्या विषाणूंची जनुकीय अक्षरं वाचली तेव्हा कळलं, की हा प्रकार आधी कुणाच्या नोंदीत नाही.

सरांनी अख्ख्या मजल्याला चहा पाजला. सगळ्यांसमोर नवीच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "आपण इतके दिवस आजारी मुलांना 'काही नाही' सांगून घरी पाठवत होतो. हिच्यामुळे आता ते थांबेल." मग म्हणाले, शेजारची खोली रिकामी होतेय, तिथे नवं मशीन येईल आणि ती खोली नवी सांभाळेल. आणि जाता जाता, सहज बोलावं तसं म्हणाले, "आता फ्लास्कचं काम हळूहळू कमीच करत आणू. किती दिवस पेशी पोसत बसणार?"

बाई हातात कप धरून उभ्या होत्या. चहा त्यांना घोटभरही गेला नाही. नवी धावत आली, पाया पडल्यासारखी वाकली आणि म्हणाली, "बाई, सगळं तुमच्यामुळे!" बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मनात म्हणाल्या, सगळं माझ्यामुळे, तर थाप तुझ्या पाठीवर का? उभी हयात मी नळ्या कोऱ्या ठेवल्या. कोरी नळी कोरी निघाली म्हणून मला कुणी कधी चहा पाजलाय? नाहीच पाजणार. चुकलं नाही, ते दिसतं कुणाला?

त्या संध्याकाळी यजमानांनी प्रश्न विचारला, पण उत्तर आलं नाही. यजमान शहाणे, त्यांनी शब्दकोड्यात डोकं घातलं.

शोध बाहेर कळवायच्या आधी सर म्हणाले, पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून करा, ताज्या नळ्या, ताजं पाणी, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नको. दुसऱ्या आठवड्यात नवी दुपारी ट्रेच्या खोलीत बसली. काचेच्या कपाटाआड हात घालून, एकेक नळी भरत. बाई तिथे आल्या त्या आजोबांची नळी द्यायला. नवीचा ट्रे भरून झाला होता, कोऱ्या नळीत पाणीही घालून झालं होतं, फक्त झाकणं लावायची होती. तेवढ्यात सरांनी हाक मारली, इस्पितळातून डॉक्टरांचा फोन होता, तिच्याशीच बोलायचं होतं.

"बाई, जरा बघाल का? आजोबांना घाला आणि तेवढी झाकणं लावा. तुमच्या हाताची तर मला काळजीच नाही," असं म्हणून ती पळाली.

ट्रे उघडा. बाई एकट्या. आजोबा हातात. कुणी म्हणेल, हात आपोआप गेला. आपोआप बिपोआप काही नाही. बाईंना त्या क्षणी स्वच्छ कळत होतं, की आपण काय करतोय. नवीने ट्रे भरलाय, तर शिंतोडा नवीचाच ठरणार. सगळ्यांना कळू दे, की नवीला अक्षरं वाचता येतात पण थेंब सांभाळता येत नाही. त्या खुर्चीवर बसल्या. मनगट टेकवलं. आजोबांना त्यांच्या नळीत घातलं, पिपेटला नवं टोक लावलं, ते आजोबांत जेमतेम बुडवलं आणि शेवटच्या कोऱ्या नळीच्या पाण्याला अलगद टेकवलं. टोक कचऱ्यात. मग एकेक झाकण लावत गेल्या, टक, टक, टक. नवी परत आली तेव्हा बाई हातमोजे काढत होत्या.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर रेघा चढायला लागल्या; ज्या नळीत विषाणू, तिचीच रेघ चढते. आजारी मुलांच्या चढल्या, आजोबांची चढली, आणि सगळ्यांत शेवटी, सावकाश, कोऱ्या नळीचीही चढली. नवी बघत राहिली. मग टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली. बाई तिच्याजवळ गेल्या. अहो, गेल्याच ना, दुःखात बाईंसारखं माणूस नाही! तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "होतं गं असं. हात बसायला वेळ लागतो. रडू नको." आणि खोटं कशाला बोलायचं, त्यांना तेव्हा तिचं खरंच वाईट वाटलं. कीवही आली. जिची कीव येते तिच्यावर जळावं लागत नाही, म्हणून बाईंना कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं.

सरांनी कपाळाला हात लावला. इस्पितळाला कळवलं, की अजून थोडं थांबा, तोवर जुनीच चाचणी चालू दे. बाई संध्याकाळी घरी गेल्या, पोटभर जेवल्या, वर पुन्हा वाढून घेतलं. यजमानांनी चष्म्यावरून बघितलं.

"आज कुणाचं काय बिघडलं?"

"तुम्हाला काय करायच्यात नसत्या चौकशा!" बाई म्हणाल्या, पण आवाजात गोडवा होता, आणि तोच यजमानांना आवडला नाही.

आता बाईंच्या काळात असं होतं, की कोरी नळी एकदा बोलली की विषय संपला. ट्रे फेका, नळ्या फेका, हात धुवा. तिच्यात काय आहे हे कुणी विचारत नसे, कारण ते कळायची सोयच नव्हती. आहे किंवा नाही, एवढंच उत्तर. बाईंनी सगळा हिशेब त्या काळाचा केला होता. नवी या काळाची. तिने ट्रे फेकला नाही. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "निदान कुठल्या नळीतून शिंतोडा उडाला ते तरी बघते, म्हणजे पुढच्या वेळी तिथे जपेन." आणि कोऱ्या नळीतलं जे होतं नव्हतं ते तिने मशीनला वाचायला दिलं. बाईंनी ऐकलं आणि नाक मुरडलं. पाण्यात काय वाचणार ही?

वाचून झालं तेव्हा सरांनी बाईंना मशीनच्या खोलीत बोलावलं. आत सर आणि नवी, दोघंच. पडद्यावर झाड काढलं होतं, फांद्या-उपफांद्यांचं. विषाणू एका अंगातून दुसऱ्या अंगात जाताना स्वतःची नक्कल करतो, आणि नक्कल करताना अक्षरं चुकतो. त्या चुका पुढच्या पिढीत जातात. कुणाच्या चुका कुणाशी जुळतात हे बघितलं, की कोण कुणाच्या घरातला ते कळतं. बाईंना हे झाड ठाऊक होतं, दहादा बघितलेलं. एका बाजूला आजारी मुलांचे सगळे नवे विषाणू झुबक्याने बसलेले. आणि दूर, पार दुसऱ्या टोकाला, एकट्या लांब फांदीवर आजोबा. इतकी वर्षं बाटल्यांमध्ये राहून त्यांच्या अंगावर अशा चुका साचल्या होत्या, की बाहेरच्या जगात तसा दुसरा कुणी उरला नव्हता. तसा विषाणू फक्त बाईंच्या खोलीत होता.

आणि आजोबांच्या मांडीवर, अगदी खेटून, कोरी नळी बसली होती.

बाईंना ते सर बोलायच्या आधीच दिसलं. त्यांची पाचावर धारण बसली. नोकरीच्या या टप्प्यावर, तोंड काळं करून, सगळ्या मजल्यासमोर! त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

सर त्यांच्याकडे न बघता पेनचं टोपण काढत-घालत होते. म्हणाले, "बाई, कसं सांगू... शिंतोडा मुलांच्या नळ्यांतून उडालेलाच नाही. तुमच्या खोलीतून आलाय."

"म्हणजे बघा ना बाई, तुम्ही झाकणं लावलीत तेव्हाच काही तरी..." नवी घाईघाईने म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नका हं. खरं तर माझीच चूक. मी तुम्हाला एकटीला ठेवून जायला नको होतं."

"वय होतं, बाई," सर म्हणाले. "कुणाचं चुकत नाही? इतकी वर्षं तुमचा हात चालला हेच खूप. माझ्या वडिलांचंही असंच झालं, आधी हाताला कंप आला तो आम्हाला कळलाच नाही. तुम्ही असं करा, सोमवारपासून टेबलावर बसा. बाटल्या-बिटल्या राहू देत. नव्या मुलींना चार गोष्टी सांगा, बास."

बाईंना आधी काही कळेचना. मग लक्षात आलं, की यांना काहीच कळलेलं नाही. आपण वाचलो! बाईंचा जीव भांड्यात पडला. कुणाच्या मनालाही शिवलं नव्हतं, की बाई असं करतील. नुसते मूग गिळून बसायचं, मान खाली घालायची, एक सुस्कारा सोडायचा, म्हणायचं, "हो सर, झालं खरं वय." निरोप समारंभ होईल, पेन्शन मिळेल, फुलं मिळतील. बाईंनी मान खाली घातलीसुद्धा.

तेवढ्यात नवी उठून जवळ आली. तिने बाईंचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, लहान मुलाचा घ्यावा तसा. डोळ्यांत पाणी आणलं. आणि मग, अगदी हळूच, बाईंना कळू नये अशा बेताने, तो हात थोडा उचलून धरून तिने बघितलं, की थरथरतोय का.

ती कीव करत होती. ही! बाईंची! तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंनी हिसका देऊन हात सोडवला.

"थरथरत नाहीये तो," बाई म्हणाल्या.

"नाही नाही, बाई, मी तसं..."

"बघितलंस ना? बघ, पुन्हा बघ." त्यांनी हात तिच्या तोंडासमोर सरळ धरला. खरोखर, हलत नव्हता. "सर, वय गेलं खड्ड्यात. हाताला कंप असता तर शिंतोडा एकाच नळीत गेला असता का? शेजारच्या नळ्यांत नको होता जायला? अगं ए, तुझं ते मशीन काय सांगतंय? शेजारच्या नळ्यांत आजोबा आहेत?"

नवीने पडद्याकडे बघितलं. कळा दाबल्या. एका नळीची नोंद उघडून बघितली, मग दुसरीची, मग त्यांच्या पलीकडचीची.

"नाहीत," ती म्हणाली. "फक्त मुलांचे आहेत. आजोबा कुठेच नाहीत."

"फक्त शेवटच्या नळीत?"

"फक्त शेवटच्या."

"मग? हात चुकला म्हणून एवढा नेमका चुकतो होय? टोक बदलून, एकदा टेकवून, मग झाकणं लावलीत मी. एक कण इकडचा तिकडे झालेला नाही. या लॅबमध्ये दुसऱ्या कुणाला करून दाखवायला सांगा बघू!"

सरांच्या हातातलं टोपण खाली पडलं ते त्यांनी उचललं नाही.

"बाई," सर म्हणाले, "तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"तुम्ही मुद्दाम केलंत?"

"मुद्दाम. मला वेंधळी म्हणू नका. काय वाटेल ते म्हणा, वेंधळी म्हणू नका."

"पण का?"

आता का म्हणून काय विचारायचं? बाईंना वाटलं, सगळ्या जगाला दिसत असेल. त्या नवीकडे बोट करून म्हणाल्या, "जळते मी हिच्यावर. पहिल्यापासून जळते. चहा पाजलात तेव्हा तर माझ्या छातीत आग लागली होती. झालं समाधान?"

नवीचं तोंड गोरंमोरं झालं होतं. तिने ओरडावं, शिव्या द्याव्यात, असं बाईंना वाटत होतं. चार शब्द तिने दिले असते, तर आठ परत करून मोकळं होता आलं असतं. पण ती ओरडली नाही. ट्रेबद्दल बोलली नाही, शोधाबद्दलही बोलली नाही.

"मी रडत होते तेव्हा," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात."

बाईंनी तो हात पाठीमागे घेतला.

"आणि इतके दिवस ती मुलं येतायत, बाई. जुन्याच चाचणीवर. आपण त्यांना काही नाही म्हणून घरी पाठवतोय." एवढं बोलून ती खोलीतून निघून गेली.

सर खाली वाकले, टोपण उचललं, पेनला लावलं. मग म्हणाले, "फ्लास्कच्या खोलीची किल्ली द्या, बाई. पुढचं काय ते वरच्यांशी बोलून कळवतो." आवाजात राग नव्हता, पण स्वतःची जुनी फजिती हसून सांगणारा तो माणूसही आता त्यात नव्हता. बाईंनी किल्ली काढून दिली. देताना हात हलला नाही, हेसुद्धा त्यांनी बघून घेतलं.

आजोबांकडे जाता येणार नव्हतं. बाईंनी खुंटीवरची पिशवी काढली, डबा आत टाकला आणि व्हरांड्यात आल्या. बाहेर जायचं तर ट्रेच्या खोलीवरून जावं लागे, आणि त्या खोलीला व्हरांड्याच्या बाजूने मोठी काच होती. बाई मान वळवायची नाही असं ठरवून निघाल्या आणि काचेपाशी येऊन थांबल्या.

नवी आत बसली होती. तिने त्याच काड्यांचा ट्रे ताज्या नळ्यांत पुन्हा भरायला घेतला होता, आत्ताच्या आत्ता. मास्कच्या वर तिचे डोळे लाल झाले होते आणि पाणी गळून मास्कमध्ये मुरत होतं. हातमोजे घातल्यावर तोंडाला हात लावायचा नसतो, म्हणून पुसतही नव्हती. बाईंच्या मनात आलं, आता चुकेल. रडणाऱ्या माणसाने ट्रेला हात लावायचा नसतो. स्वतः बाईंची आई वारली, तेव्हा त्या आठवडाभर ट्रेच्या खोलीत फिरकल्या नव्हत्या. भल्याभल्यांना ते जमत नाही. हिला काय जमणार? हिला कुठे हात आहे?

नवीने मनगट टेकवलं. श्वास सोडला. टोक नळीच्या भिंतीला लावलं आणि थेंब ठेवला. टोक बदललं. पुढची नळी. पुन्हा टोक बदललं. पुन्हा पुढची. एक ओळ झाली, दुसरी झाली. खांदे हुंदक्याने हलत होते, पण प्रत्येक थेंबाच्या आधी ती थांबायची, हुंदका जाऊ द्यायची, आणि मग तो हात असा पुढे यायचा, की खांद्यांशी त्याचा काही संबंधच नसावा.

बाई काचेला नाक लावून, एकेका नळीवर डोळे रोखून, शिंतोडा शोधत होत्या. ट्रे भरून संपला, कोऱ्या नळीत पाणी घालून झालं, झाकणं लागली, तरी त्या शोधत होत्या. एकही सापडला नाही.